शिवणवर्ग, मोबाइल आणि मी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या व्यासपीठावर उभी राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. आजवर या सभागृहात माझी जागा मागे असे. सतरंज्या झटकणे, पाहुण्यांसाठी नारळ आणि खण काढून ठेवणे, चहात साखर पडली की नाही ते बघणे, ही माझी कामे. पंधरा दिवसांपूर्वी चिटणीसबाई घरी आल्या तेव्हा मला वाटले, वर्गाच्या फीचा हिशेब मागायला आल्या असतील. मी वही घेऊन बसले, तर त्या म्हणाल्या, "वही ठेवा बाजूला. यंदा बाहेरचा वक्ता बोलवायचा नाही असं ठरलंय. तुम्ही मोबाइलवर शिवण शिकवता ते कसं, तेवढं सांगा." मी म्हटले, "अहो, मी सातवी पास बाई. मी कुठली भाषण करणार?" त्या म्हणाल्या, "वर्गात अडीच-अडीच तास बोलता, ते काय असतं मग?" यावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून आज ही शिक्षा आपल्याला भोगावी लागत आहे.

माझ्या माहेरच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा नदीपलीकडे. मुलीच्या जातीला पावसाळ्यात नावेतून कोण पाठवणार? तेव्हा सातवी झाली आणि दप्तर माळ्यावर गेले. लग्न होऊन सांगलीत आले, आणि याच मंडळाच्या शिवणवर्गात नाव घातले. त्या वेळच्या शिवणाच्या बाई आपल्यातल्या पुष्कळजणींना आठवत असतील. हातात पट्टी आणि तोंडात टाचण्या, त्यामुळे त्या फारसे बोलतच नसत. "बघ आणि कर" एवढेच त्यांचे शिकवणे. त्या थकल्यावर २०११ साली हा वर्ग माझ्याकडे आला. मीही तसेच शिकवू लागले. मी करून दाखवायचे, मुलींनी भोवती उभे राहून बघायचे. पुढे उभ्या असलेल्या दोघींना दिसायचे, मागच्या सहाजणींना माझी पाठ दिसायची! पण इतकी वर्षे कुणी तक्रार केली नाही, आणि मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात वर्गाची यंत्रे पाण्यात गेली. ती साफ करून, तेलपाणी घालून आपण कशीबशी चालू केली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातून डोके वर काढतो न काढतो तोच २०२० च्या मार्चमध्ये करोना आला आणि या दाराला कुलूप लागले. माझ्याकडे तेव्हा चौदा मुली शिकत होत्या. मुली म्हणते खरी, पण त्यांत दोन नातवंडे असलेल्या आज्याही होत्या.

त्या दिवसांत जिकडेतिकडे मुखपट्ट्यांची गरज लागली. आमच्या वर्गातल्या एकीने फोन केला, "बाई, घरात यंत्र आहे, जुन्या सुती साड्या आहेत. मास्क कसा बेतायचा ते सांगा, चार पैसे मिळतील." मी फोनवर सांगू लागले, "आयताकृती तुकडा घे, तिहेरी कर, तीन चुण्या घाल..." तिला काही कळेना. शेवटी माझ्या मुलाने मोबाइल धरला, मी एक मास्क शिवला आणि ते चलच्चित्र आमच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकले. संध्याकाळपर्यंत सहाजणींचे फोटो आले. चारजणींच्या चुण्यांची तोंडे वर! मास्क तोंडावर चढवला की चुण्यांची तोंडे बाहेरून खालच्या बाजूला असावी लागतात, नाहीतर त्यांत धूळ साठते. मी ते बरोबर केले होते, पण तोंडाने बोलले नव्हते. मला वाटले, दिसतेच आहे की! दुसऱ्या दिवशी पुन्हा शिवून दाखवला आणि सांगितले की चुणी खाली वळवा, ओट्यावरून पाणी जसे खाली ओघळते तशी. मग एकीचीही चुकली नाही.

हे आपल्याला क्षुल्लक वाटेल. पण नऊ वर्षे शिकवल्यावर मला त्या दिवशी प्रथम कळले, की मी जे करते ते सगळे मी सांगत नाही. वर्गात एखादीचे चुकले की मी सरळ तिच्या हातातले कापड घेऊन दुरुस्त करून देत असे. त्यामुळे चूक झाली हेही तिला कळत नसे आणि कशाने झाली हे मलाही कळत नसे. मोबाइलमधून हात बाहेर काढून कापड ओढता येत नाही! तिथे बोलावेच लागते.

मास्क झाले, झबली झाली, परकर झाला. मग मी ब्लाऊजला हात घातला, आणि इथे माझ्या हातून जे झाले ते मला सांगितलेच पाहिजे.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर कापड अंथरायचे आणि वर मांडणीच्या दांड्याला मोबाइल उलटा बांधायचा, अशी आमची व्यवस्था होती. कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाल्याची आरोळी, सगळे त्यात येई. एका चित्रणात तर सासूबाईंचा आवाज आला आहे, "अगं, दूध उतू चाललं!" आणि त्यानंतर बराच वेळ नुसते कापडच दिसते. मुली अजून त्याला 'दुधाचा धडा' म्हणतात. त्याच धड्यात मी ब्लाऊजची बाजू बेतताना म्हणाले, "इथे जरा माया ठेवा." आणि माझे बोट नेमके टेपच्या आकड्यावर होते.

आपल्या वर्गातली एक मुलगी, तिचे यजमान करोनात गेले. पदरात लहान मूल. ती नुकतीच बाहेरची कामे घेऊ लागली होती. २०२१ च्या लग्नसराईत तिच्याकडे एका ओळखीच्या बाईंचे पैठणीतलेच ब्लाऊजपीस आले. तिने माझा तो धडा चार वेळा पाहिला, जपून बेतले आणि कापले. तिच्या मते 'जरा' म्हणजे अर्धा इंच. मी मनात धरले होते दीड. ब्लाऊज शिवून झाले आणि अंगात चढेना. सुती कापड असते तर दुसरे आणता आले असते. साडीतलेच पीस पुन्हा कुठून आणणार?

ती रडत माझ्याकडे आली, तरी मला एका शब्दाने दोष दिला नाही. "मीच चुकले, बाई," म्हणाली. मी ते चित्रण लावून पाहिले, तेव्हा माझा आवाज मलाच ऐकवेना. आम्ही दोघी त्या बाईंकडे गेलो. माझी चूक आहे हे मी त्यांना सांगितले, बगलेत दुसऱ्या रेशमाचा जोड दिला आणि शिलाई घेतली नाही. बाई भल्या, काही बोलल्या नाहीत. पण पुढे एका लग्नात त्या ते ब्लाऊज घालून आलेल्या मी पाहिल्या. सगळा वेळ त्यांनी दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला होता.

त्या दिवसापासून 'जरा', 'थोडे', 'अंदाजे', 'साधारण' हे शब्द मी वर्गातून हद्दपार केले. आपण बायका सगळा संसार अंदाजाने चालवतो. मीठ अंदाजाने, पाणी अंदाजाने. तो अंदाज आपल्या हाताला वीस वर्षांनी आलेला असतो आणि शिकणारीला तो पहिल्याच दिवशी असेल, असे आपण धरून चालतो. आता मी म्हणते, बगलेच्या बाजूला दीड इंच, खांद्याला अर्धा इंच, आणि म्हणताना टेप मोबाइलपुढे धरते. चित्रण झाले की ते आधी मीच आवाज बंद करून पाहते, हात नीट दिसतात का म्हणून. मग डोळे मिटून ऐकते, नुसत्या बोलण्यावरून कापता येईल का म्हणून. दोन्हीत उतरले तरच गटावर टाकते. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, त्या पैठणीने शिकवली.

स्वतःचे हात पाहायला सुरुवात केल्यावर आणखी गंमत झाली. काज करताना मी कापड डाव्या हाताच्या करंगळीने ताणून धरते, हे मला ठाऊकच नव्हते! म्हणून माझी काजे सरळ येत आणि मुलींची आकसत. मी मात्र त्यांना म्हणत असे, "लक्ष नाही तुमचं." त्यांचे लक्ष होते. करंगळी झाकलेली होती.

मग मी दुसऱ्यांचे धडे बघू लागले. दुपारी दोन घास खाऊन झाले की ओट्याशी मोबाइल टेकवायचा आणि यूट्यूबवर कोण कशी बेतते ते पाहायचे. कुणी हिंदीत सांगे, कुणी दक्षिणेकडच्या भाषेत. भाषा कळली नाही तरी हात कळतात. पण एक घोटाळा झाला. मुलीही तेच बघत होत्या, आणि वर्गात येऊन मला विचारू लागल्या, "बाई, तुम्ही मुंढ्याची खोली छातीच्या सहाव्या भागात एक इंच मिळवून घेता. ती बाई तर चौथ्या भागातून दोन इंच वजा करते. खरं कोणाचं?" पूर्वीची मी असते तर म्हटले असते, "माझ्या वर्गात माझं खरं!" पण पैठणीचा धडा ताजा होता. "उद्या सांगते," म्हणाले.

रात्री मुलाची जुनी वही घेतली आणि सातवीतले अपूर्णांक आठवत बसले. छाती छत्तीस धरा. सहावा भाग सहा, एक मिळवला, सात. चौथा भाग नऊ, दोन वजा, सात! दोन्ही सारखे. मला फार आनंद झाला. मग बेचाळीस घेतले. माझ्या रीतीने आठ, त्या बाईच्या रीतीने साडेआठ. तीस घेतले. माझे सहा, तिचे साडेपाच. म्हणजे मधल्या अंगाच्या बाईला कोणतीही रीत चालते, पण फार बारीक किंवा फार स्थूल बाईला अर्ध्या इंचाचा फरक पडतो. आणि खरे म्हणाल तर दोन्ही रीती अंदाजच आहेत, फक्त गणिताचा शर्ट घातलेले. कारण छाती बेचाळीस असली तरी एखादीचा दंड बारीक असतो. म्हणून दुसऱ्या दिवशी मी सांगितले, "दोन्ही रीतींनी काढा, फरक आला तर मुंढा अंगावर मोजा, आणि पहिला ब्लाऊज जुन्या कापडाचा." मला आठवते, मी हे सांगत असताना वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. इतकी वर्षे मी ती रीत पाठ म्हणत होते. ती तशी का, हे त्या दिवशी प्रथम मला कळले होते, आणि मुलींना माझ्या तोंडावरून ते दिसत असावे.

आता थोडे आमच्या धाकट्या जाऊबाईंविषयी. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. घरात त्या शिकलेल्या आणि मी चुलीपुढची, असे मनातून मला वाटत आले आहे. लपवून काय करू? पण २०२१ च्या हिवाळ्यात रोज रात्री मागचे आवरून त्या मोबाइल घेऊन बसत, कानात ते यंत्र घालत. मी विचारले तर म्हणाल्या, "वहिनी, मीच विद्यार्थिनी झालेय." शिक्षकांसाठी 'निष्ठा' नावाचे प्रशिक्षण सरकारने २०१९ साली सुरू केले. आधी ते समोरासमोर होई. करोनामुळे २०२० साली ते 'दीक्षा'वर आले. हे 'दीक्षा' म्हणजे २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालेले सरकारी दालन, मोबाइलवर उघडते. त्यात धडे पाहायचे, वाचायचे, मग प्रश्न सोडवायचे, आणि उत्तरे पुरेशी बरोबर आली तर प्रमाणपत्र. मी म्हटले, "मग सगळे मास्तर आता हुशार होणार!" जाऊबाई हसल्या. म्हणाल्या, "चित्रण चालू ठेवून पोळ्या लाटणाऱ्याही आहेत, वहिनी. मीसुद्धा एकदा लाटल्या." हा प्रामाणिकपणा मला आवडला.

त्यांनीच मला अमेरिकेतल्या दोन मास्तरांची हकिगत सांगितली. कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क नावाचे गाव आहे. तिथल्या शाळेत जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स हे दोघे रसायनशास्त्र शिकवत. खेळांच्या सामन्यांसाठी मुले लांबलांब जात आणि तास बुडत. म्हणून २००७ साली या दोघांनी आपले धडे चित्रित करून मुलांसाठी ठेवायला सुरुवात केली. मग त्यांच्या ध्यानात आले, की धडा मुले घरीच पाहून येत असतील, तर वर्गातला वेळ मोकळा होतो, आणि त्या वेळात मुलांना जिथे अडते तिथे मास्तर जवळ बसू शकतो. म्हणजे शिकवणे घरी आणि गृहपाठ शाळेत. सगळे उलटे! मला ते ऐकून हसू आले, कारण आपल्या वर्गातल्या बायकांचे तास सामन्यांनी बुडत नाहीत, पण श्रावणातल्या सवाष्णींनी, नणंदेच्या बाळंतपणाने आणि अचानक आलेल्या पाहुण्यांनी बुडतातच. आणि कटोरीचा एक तास बुडला की ती मुलगी पुढे येतच नाही, हे मी दर वर्षी पाहत आले होते.

जाऊबाई म्हणाल्या, याला 'संमिश्र अध्ययन' म्हणतात. थोडे समोर, थोडे मोबाइलवर. मी म्हटले, "म्हणजे भाजणी!" त्यांना आधी कळेना. पण भाजणीत आपण तांदूळ, डाळी, धने सगळे एका कढईत एकदम घालतो का? प्रत्येकाला वेगळी आच, वेगळा वेळ. एकदम भाजले तर एक जळते आणि एक कच्चे राहते. तसेच हे. कोणता भाग मोबाइलवर टाकायचा आणि कोणता समोर बसवून शिकवायचा, हे ज्याचे त्याला वेगळे भाजून बघावे लागते. मी दोन वर्षे भाजत होते, आणि पुष्कळ जाळलेही.

ही उठाठेव चालू असतानाच २०२२ ची वार्षिक सभा आली. तिथे एका भगिनीने विचारले, "आता मोबाइलवर सगळं फुकट मिळतं. मग शिवणवर्गाला खोली अडवून ठेवायची कशाला? भाड्याने दिली तर मंडळाला उत्पन्न होईल." त्या आज इथे बसल्या आहेत आणि माझ्याकडे बघून हसत आहेत. त्यांचा राग मला तेव्हा आला होता, आज नाही. प्रश्न योग्यच होता. मी त्या रात्री झोपले नाही. मानधन थोडे, पण ते माझे होते, आणि 'शिवणाच्या बाई' ही हाकही माझी होती. ह्यांनी समजूत घातली, "घरी बसून शिव की." पण घरी बसून शिवणे आणि शिकवणे यांत फरक आहे, तो त्यांना कसा सांगू?

कार्यकारी मंडळाने एक वर्षाची मुदत दिली. मी रोजचा वर्ग बंद केला आणि बुधवार-शनिवार ठेवला. बेतणे, आकडे, क्रम, म्हणजे जे पुन्हापुन्हा बघून कळते, ते सगळे मोबाइलवर गेले, चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत. चारच मिनिटे, कारण नेटचा पॅक घरात एकाचा आणि वाटेकरी पाच. वर्गात आता मी फळ्यापुढे उभी राहत नाही. मुली घरून खाकी कागदावर बेतून आणतात, आणि मी एकेकीच्या शेजारी बसते. बसल्यावर कळते, की एकीला टेप धरताच येत नाही, एकीला चाळिशीचा चष्मा हवा आहे आणि ती लाजेने सांगत नाही, एकीचा पाय पायट्यावर दचकत पडतो. कापडाचा उभा धागा कोणता, आडवा कोणता, हे बोटाला कळावे लागते. ते अजून तरी कुठल्या पडद्यातून कळत नाही.

एक फजिती मात्र सांगते. मी मोठ्या तोऱ्यात म्हणत असे, की यंत्राचा दोष समोर बसल्याशिवाय ओळखता येत नाही. एकदा एकीचा रात्री नऊला फोन आला, "बाई, खाली दोऱ्याचा गुंता होतोय." मी म्हटले, "मोबाइल यंत्राजवळ ठेव आणि चालव." आवाज ऐकला आणि सांगितले, "बॉबिनला हात लावू नकोस, वरचा दोरा काढून पुन्हा ओव." खालचा गुंता बहुधा वरच्या दोऱ्यामुळे होतो. तिचे यंत्र चालू झाले, आणि माझा सिद्धांत बंद पडला!

खाकी कागदावरून आठवले. मुलाच्या बालभारतीच्या पुस्तकावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन असे. मोबाइल त्यावर धरला की धडा उघडतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे चौकोन लावून मुलांना शिकवले होते. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. ही बातमी वाचताना माझ्या डोक्यात आले होते, पुस्तकाला चौकोन लागतो तर माझ्या खाकी कागदाला का नाही? मुलाने तयार करून दिले. आता वर्गातल्या प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात तो चौकोन आहे. कटोरीच्या कागदावर धरला की कटोरीचा धडा, बाहीच्या कागदावर धरला की बाहीचा. खाली नाव लिहायची पाळी माझी. मुलगा म्हणाला, "आई, 'शिलाई'तली शि ऱ्हस्व." इतकी वर्षे मी ती दीर्घ लिहीत होते. जाऊबाई म्हणतात, सतरा नंबरचा फॉर्म भरा आणि दहावीला बसा. बघू.

सगळे छान छान झाले असे मात्र समजू नका. ज्यांच्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो यजमानांबरोबर कामावर जातो, त्या मुली रात्री दहानंतर धडा बघतात, तेही घरच्यांनी क्रिकेट सोडले तर. दोघी याच कारणाने सोडून गेल्या. एका आजीबाईंनी स्वच्छ सांगितले, "मला त्या पाटीत डोळे घालायचे नाहीत, तू दाखव." त्यांना मी जुन्याच पद्धतीने शिकवते, आणि त्यांच्या हातची तुरपाई आजही वर्गात सर्वांत सुबक आहे. जिची पैठणी बिघडली ती मुलगी शनिवारी येते आणि नवीन मुलींचे कागद तपासते. माया किती ठेवली, हे ती टेप लावून बघते. तिच्या हाताखालून अजून एकही ब्लाऊज तंग गेलेले नाही.

मुदतीचे वर्ष संपले तेव्हा खोली भाड्याने द्यायचा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही.

आता दोन विनंत्या करते आणि बसते. घरोघरी कपाटात जुने, पण चालणारे मोबाइल पडून असतील. त्यांतले दोन-तीन मंडळाला मिळाले तर ज्यांच्याकडे नाही त्यांना वर्गातच बसून धडा बघता येईल. कार्डाची गरज नाही, धडे मी त्यात भरून ठेवीन. दुसरे म्हणजे खिडकीजवळच्या यंत्राचा पट्टा तुटायला आला आहे, तो कार्यकारी मंडळाने या महिन्यात बदलावा. नवीन वर्ग येत्या बुधवारी दुपारी अडीचला सुरू होईल. येताना टेप, खडू, जुने वर्तमानपत्र आणि मापाचे एक ब्लाऊज आणावे. ब्लाऊज जुनेच आणावे.